कानाला शेक द्या, कानात तेल नको

लहान मुलाचा कान बहुधा रात्रीच ठणकतो. दिवसभर नाक गळत असतं, अंगात थोडी कणकण असते, तरी पोर खेळत असतं. रात्री आडवं झालं की कानातला दाब वाढतो आणि ते कान धरून रडायला लागतं. दवाखाने केव्हाच बंद झालेले असतात. मग घरातलं कुणीतरी वडीलधारं पळीत तेल घेऊन गॅसपाशी उभं राहतं, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या टाकतं. माझं सांगणं त्या घटकेसाठी आहे. ती पळी खाली ठेवा.

घरी काहीच करू नका, असं मी म्हणत नाही. दुखऱ्या कानासाठी घरी बरंच करता येतं, फक्त ते सगळं कानाच्या बाहेरून करायचं.

कारण साधं आहे. पडशानंतर कान दुखतो तेव्हा दुखणं पडद्याच्या पलीकडे, मधल्या कानात असतं. नाकाच्या मागच्या बाजूने तिथपर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते. लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. पडशात ती सुजून बंद होते, नाकातले जंतू वर सरकतात, पडद्यामागे पाणी साचतं, त्याचा पू होतो. पडदा ताणला जातो आणि कळ येते. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सगळ्यात जास्त होतं. आपण ओतलेलं तेल पडतं ते पडद्याच्या अलीकडे. पडदा शाबूत असेल तर ते पलीकडे जातच नाही, मग जंतू मारणार कुठून? आणि पडदा फुटलेला असेल तर ते थेट आत जातं, बाहेरची घाण घेऊन.

‘पण आमच्याकडे तेलाने गुण येतो,’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांनी गुण आलेला पाहिलेला असतो. मात्र या दुखण्याची चाल अशी आहे की औषध न घेताही दहातल्या सहा मुलांची कळ चोवीस तासांत थांबते. रात्री तेल घातलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर हसलं, श्रेय तेलाला. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. पुवाचा दाब असह्य होऊन पडद्याला भोक पडतं, पू बाहेर वाहतो आणि दाब उतरल्यामुळे कळ त्याच क्षणी थांबते. घरात म्हणतात, बघा, तेलाने सगळी घाण ओढून काढली. प्रत्यक्षात कान फुटलेला असतो. मग आणखी दोन दिवस, राहिलेली घाण निघावी म्हणून, त्याच उघड्या भोकातून तेल आत जात राहतं.

लसणाच्या तेलाला लागू तेच कांद्याच्या रसाला, तुळशीच्या आणि विड्याच्या पानाच्या रसाला, गोमूत्राला आणि आईच्या दुधालाही. दूध बाळाच्या पोटात जावं. कानात ते जंतूंचं खाद्य होतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवा आधीच दमट, त्यात तेलकट कान, म्हणजे बुरशीला आयतं घर. बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडायची रीतही याच कारणासाठी थांबवावी. मालिश अंगाला करा, कानाच्या पाळीला करा, भोकात थेंब नको. हायड्रोजन पेरॉक्साइड, कापूस गुंडाळलेली काडी, केसातला आकडा हेही नको. गेल्या वर्षीच्या बाटलीतले कानाचे थेंबसुद्धा नकोत, कारण त्यातली काही औषधं फुटलेल्या पडद्यातून आत गेली तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. तेलाला एकच सवलत: कानात जिवंत किडा शिरून वळवळत असेल आणि कान पूर्वी कधी फुटलेला नसेल, तर कोमट तेलाचे दोन-चार थेंब घालून तो मारता येतो. काढायचं काम मात्र डॉक्टरांचंच.

मग रात्री करायचं काय? आधी कळ कमी करा. त्यासाठी घरात असायला हवं ते साधं पॅरासिटामॉल. ते तापाचं औषध म्हणून ठाऊक असतं, पण ताप नसला तरी दुखण्यासाठी देता येतं. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: एका किलोला १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. इथे बाटलीवरचं लेबल डोळे चोळून वाचा, कारण एकाच औषधाच्या बाटल्या कमी-जास्त ताकदीच्या मिळतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर या मुलाला ३ मिलिलिटर पुरतं. ५ मिलिलिटरमध्ये १२० असेल तर सहा मिलिलिटर लागतं. आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब सगळ्यात कडक: एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिलिलिटर झालं. थेंबांची बाटली सिरपसारखी चमच्याने पाजली की मात्रा कितीतरी पटीने जास्त जाते. म्हणून चहाचा चमचा वापरू नका, बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दोन मात्रांत किमान चार ते सहा तास जाऊ द्या, दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त वेळा नको. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही. आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच द्या. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा असण्याची शक्यता असेल तर ते धोक्याचं आहे.

औषध लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात शेक द्या. सुती फडक्याची घडी तव्यावर गरम करा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग कानाबाहेर पाच-दहा मिनिटं धरा. तान्ह्याच्या कातडीला आपल्याला कोमट वाटणारंही भाजतं, हे विसरू नका. मुलाला मांडीवर उभं धरून बसलात तर दाब कमी होतो आणि त्याला बरंही वाटतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली मात्र उशी ठेवू नका. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला. उकळत्या पातेल्याची वाफ लहान मुलाला देऊ नका; कानाचं दुखणं दोन दिवसांत जातं, भाजल्याचं जात नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, हळद घालूनही नाही.

धुरीबद्दल बोललं की घरोघरी राग येतो, तरी बोलतो. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून ओवा-वावडिंगाची धुरी देतात. वास चांगला असतो, पण धूर तो धूरच. चुलीचा, विडी-सिगारेटचा आणि धुरीचा धूर नाकाचं आणि त्या नळीचं अस्तर सुजवतो, आणि धुराच्या घरातल्या मुलांचे कान जास्त वेळा दुखतात. ज्यांना खरंच कान दुखू द्यायचा नाही, त्यांनी धूर थांबवावा, पहिले सहा महिने अंगावरच पाजावं, बाटली द्यावी लागली तर आडवं ठेवून देऊ नये आणि न्यूमोकोकलची लस चुकवू नये. ती सरकारी दवाखान्यात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी फुकट मिळते.

सकाळी कळ थांबली तरी कान डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांवरच्या मुलाचं दुखणं साधं असेल तर डॉक्टर म्हणतील, दोन दिवस थांबू, अँटिबायोटिक नको. त्यांनी काही दिलंच नाही म्हणून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ नका. तो सल्ला शहाणा आहे. दिलं तर सांगितलेले सगळे दिवस द्या, आणि उरलेलं धाकट्यासाठी राखू नका. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थांबायचं नाही. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान आखडली, तोंड वाकडं झालं, उलट्या थांबेनात, मूल गुंगीत जाऊ लागलं तर रात्रीच मोठं रुग्णालय गाठा.

आणि ‘लहानपणी कान फुटतोच, मोठा झाला की बंद होतो’ हे वाक्य घरातून काढून टाका. वाहता कान दोन आठवड्यांत थांबला नाही तर ते दुखणं जुनं झालं. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि ऐकू येणं हळूहळू कमी होतं. घाण वास येणारा पू असेल तर आत हाड कुरतडलं जात असण्याची शक्यता असते. त्यावर शस्त्रक्रियाच लागते. तोवर घरी कान कोरडा ठेवायचा. स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची वात पिळून कानाच्या तोंडाशी ठेवा, ओली झाली की काढा, दुसरी घाला, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा. आंघोळीला कानात पाणी जाऊ देऊ नका, विहिरीत-नदीत पोहणं बंद.

कान वाहिला नाही तरी पडद्यामागचं पाणी आठवडेच्या आठवडे राहू शकतं. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाकेला ओ देत नाही, वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातं. तीन महिन्यांनंतरही असंच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी करून घ्या. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आहे; ही योजना २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाली. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि पुढचे उपचार फुकट करून देतं. नेमका त्या दिवशी मुलाचा कान कोरडा असतो आणि तपासणीत काही दिसत नाही. म्हणून पथक कधी येणार ते अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा, त्या दिवशी स्वतः जा आणि कान केव्हापासून वाहतो, कितीदा वाहतो, ते तुमच्या तोंडाने सांगा.