साहेब बदलला की ॲप बदलायचं?

एखाद्या प्रायव्हसीवाल्या कंपनीचा सीईओ बदलला की आपल्या आयटीतल्या मंडळींचा एकच धोशा सुरू होतो, "आता कुठलं ॲप घ्यायचं?" नवं ॲप, नवा साहेब आणि पुन्हा तोच आंधळा विश्वास. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

व्हॉट्सॲपचंच बघा. २०१४ साली फेसबुकनं ते विकत घेतलं तेव्हा तुमच्यासाठी काही बदलणार नाही, असं संस्थापकांनी सांगितलं होतं. २०१६ मध्ये आपले फोन नंबर फेसबुकला देणारी पॉलिसी आली. २०१७ मध्ये ब्रायन ॲक्टन बाहेर पडले, २०१८ मध्ये यान कूम. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण शब्द देणारा गेला की शब्दही त्याच्या सामानाबरोबर जातो!

आता सिग्नल. जानेवारी २०२२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी सीईओपद सोडलं. आभाळ कोसळलं? नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीनं माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं. जे साठवलंच नाही ते नवा साहेब विकणार काय, कपाळ?

ट्रूक्रिप्टवाल्यांनी तर मे २०१४ मध्ये अचानक गाशाच गुंडाळला. पण सोर्स कोड लोकांपुढे होता, त्यावरून व्हेराक्रिप्ट आधीच उभं राहिलं होतं. काम चालू राहिलं.

हे सगळं शहरी चोचले वाटत असतील तर जरा नंदुरबारकडे बघा. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं. तेव्हा ते ऐच्छिक म्हणून सांगितलं जात होतं. २०१४ मध्ये नंदन निलेकणींनी पद सोडलं, सरकारही बदललं. कायदा आला २०१६ मध्ये, पॅनला आधार जोडायची सक्ती २०१७ मध्ये. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं बँक खातं आणि मोबाइलची सक्ती काढली, पण पॅन आणि सरकारी अनुदानाची ठेवली. म्हणजे माणसं बदलली, नियम बदलले, आणि रेशन घेणाऱ्या बाईला 'दुसरं आधार' काही डाउनलोड करता येत नाही. विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न तिला कुणी विचारतच नाही.

आपल्याला निवड आहे राव! तर ती नीट वापरा. नवा सीईओ सज्जन आहे की नाही, ही चर्चा सोडा. तीनच गोष्टी विचारा. आपला डेटा कंपनीला वाचता येतो का? कोड बाहेरच्यांना तपासता येतो का? आणि उद्या आपलं चंबूगबाळं उचलून निघता येईल का?

तिसऱ्याचं उत्तर आजच काढा. एक्सपोर्ट दाबा, ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते का बघा. साहेब चांगला आहे तोवरच हे करायचं असतं. वाईट आला की आधी तेच बटण गायब होतं.