वंशावळ घरात, पुरावा दप्तरात : खाप्यात पणजोबाचा कागद का शोधावा लागतो?

खापा (ता. सावनेर) : दहावी-बारावीचे निकाल लागले की खाप्यात एक शोध हमखास सुरू होतो. पोराला ॲडमिशन पाहिजे, ॲडमिशनसाठी व्हॅलिडिटी पाहिजे आणि व्हॅलिडिटीसाठी पणजोबाचा कागद पाहिजे. मग जुनी पेटी उघडते, मोठ्या बाबाला विचारणं होते, शाळेत आणि तहसीलमध्ये चकरा सुरू होतात. आपले पूर्वज कोण, हा प्रश्न शहरातल्या माणसाला हौसेचा वाटेल. इथे त्यावर पोराचं शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते.

त्यातच २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार, असा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सगळ्या जातींची अशी मोजणी याआधी १९३१ मध्ये झाली होती. तेव्हापासून गावात एक गैरसमज फिरतो आहे की जनगणनेत जात लिहिली म्हणजे दाखल्याचं काम झालं. तसं नाही. जनगणनेतली माहिती कायद्याने गोपनीय असते आणि ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. दाखल्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो जुन्या कागदातूनच जातो.

तारीख कोणती, कागद कुठला?

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी ठरलेल्या तारखा आहेत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा जातीची नोंद असलेला कागद सगळ्यात वजनदार. २००८ साली जन्मलेल्या पोराला जमातीचा दावा करायचा असेल तर आजोबा नाहीतर पणजोबापर्यंत जावंच लागते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. वंशावळ सांगते की कोण कोणाचा मुलगा. जात कोणती, हे वंशावळ सांगत नाही, ते जुनी नोंद सांगते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये पणजोबाची जात सापडली, पण तो पणजोबा आपलाच हे जोडता आलं नाही, तर कागद वाया. आणि वंशावळ पक्की आहे पण नोंदच नाही, तरी काम अडते. सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. २००० च्या जात पडताळणी कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे.

खाप्याचं दुखणं

कन्हानच्या काठचं खापा हे जुनं विणकरांचं गाव. धंदा विणकामाचा म्हणून गुरुजीने किंवा पटवाऱ्याने रजिस्टरमध्ये ‘कोष्टी’ लिहिलं. घरातले वडीलधारे मात्र सांगत आले की आपण मूळचे हलबा. एका शब्दाच्या या फरकाने विदर्भातल्या हजारो घरांचं भविष्य टांगणीला लागलं.

२८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या प्रश्नावर निकाल दिला. हलबा-कोष्टी ही हलबा जमातीचाच भाग आहे, असा पुरावा देऊन यादीचा अर्थ वाढवता येणार नाही. यादी जशी लिहिली तशीच वाचायची. बदल करायचा तर तो फक्त संसद करू शकते. मात्र तोवर कायम झालेले प्रवेश आणि नेमणुका न्यायालयाने वाचवल्या.

पुढे ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी कडक भूमिका घेतली. दावा अवैध ठरला की त्यावर मिळालेली नोकरी आणि लाभही जाणार. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर टाकलं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस एका कागदापायी कंत्राटी झाला.

यात दोन्ही बाजू आहेत. विणकर समाज म्हणतो, धंद्याचं नाव जातीच्या रकान्यात लिहिलं, त्यात आमचा काय दोष? गोंड आणि जंगलपट्ट्यातले हलबा म्हणतात, आमच्या वाट्याच्या जागा दुसऱ्याला गेल्या, त्या कोण भरून देणार? दोघांचंही दुःख खरं आहे. आज कोष्टी समाजाला राज्यात विशेष मागास प्रवर्गात दोन टक्के आरक्षण आहे, पण ती सवलत आणि जमातीची सवलत यांत मोठा फरक आहे.

गोवारी समाजाचंही असंच झालं. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले. मागणी होती यादीतल्या ‘गोंड गोवारी’ या शब्दाची. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला, १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तिथेही प्रश्न शब्दाचाच होता.

हैदराबाद गॅझेट इकडे चालते का?

मराठा-कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय मराठवाड्यासाठी आहे, कारण तो भाग निजामाकडे होता. नागपूर मध्य प्रांतात होतं. इथल्या बहुतेक कुणबी घरांच्या जुन्या कागदावर ‘कुणबी’ लिहिलेलंच असते. अडचण असते ती जोडणीची. जुन्या नोंदीत आडनाव नसतेच. ‘अमका वल्द तमका’ एवढंच. एका गावात त्या नावाचे तिघे निघाले की आपला कोणता, हे वंशावळीशिवाय ठरत नाही.

शोधाची सुरुवात कुठून करावी?

पहिलं दप्तर शाळेचं. नंतर कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहावी. जमीन असेल तर पी-१, अधिकार अभिलेख, फेरफार. जमीन नसलेल्या विणकर, मजुरांना मात्र शाळा आणि कोतवाल बुक यांचाच आधार. नक्कल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. नोंदी कधी मराठीत, कधी हिंदीत सापडतात, म्हणून एकच स्पेलिंग धरून शोधू नये.

सौंसर-पांढुर्ण्याकडून आलेल्या घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५६ पर्यंत तो भाग आणि नागपूर एकाच राज्यात होते. आता तिकडचे जुने कागद मध्य प्रदेशच्या दप्तरात आहेत. आजोबा ठरलेल्या तारखेला महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते का, हे समिती विचारते.

चुलत्याकडे किंवा चुलतभावाकडे व्हॅलिडिटी असेल तर तिचा मोठा उपयोग होतो. वडिलांकडचं रक्ताचं नातं वंशावळीने सिद्ध झालं पाहिजे आणि ती व्हॅलिडिटी रीतसर चौकशी होऊन मिळालेली पाहिजे. म्हणूनच भाऊबंदकीच्या भांडणात कागद दाबून ठेवणं सगळ्यांच्याच मुळावर येते. लग्न झालेल्या मुलीचा दाखलाही माहेरच्या कागदावरच निघतो. तरी बऱ्याच घरच्या वंशावळीत लेकीबाळींची नावंच नसतात. ती लिहिली पाहिजेत.

आणि खाडाखोड नको. रजिस्टरमध्ये वेगळ्या शाईने घुसवलेला शब्द दक्षता पथक पकडते. खोट्या दाखल्यासाठी कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं कैद, दोन ते वीस हजार रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. एकाच्या लबाडीने अख्ख्या भावकीवर संशय येतो.

सरकारनेही आपलं काम केलं पाहिजे. मराठवाड्यात समिती नेमून नोंदी शोधता येतात, तर सावनेर तालुक्यातली कोतवाल बुकं आणि शाळांची जुनी रजिस्टरं स्कॅन करून गावनिहाय लोकांसमोर ठेवता येतील. कागद वाळवीने खाल्ला तर नुकसान अर्जदाराचं होते, दप्तर सांभाळणाऱ्याचं नाही.

तोवर एक काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. घरातला सगळ्यात म्हातारा माणूस आणि सगळ्यात म्हातारी बाई, दोघांनाही बसवून नावं लिहून घ्या. कोण कुठून आलं, कोण कोणत्या शाळेत गेलं, कोणाला काय म्हणून हाक मारत. पाळण्यातलं नाव एक आणि शाळेतलं दुसरं, हे त्यांनाच माहीत असते. व्हॅलिडिटी लागो न लागो, ही नावं दप्तरात पुन्हा कुठेच सापडणार नाहीत.