हजार शब्दांची वही

आपल्या वाचनालयात सकाळी डोकावले तर निम्म्या बाकांवर एकच दृश्य दिसते. उभी रेघ मारलेली वही. डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. स्पर्धा परीक्षेसाठी रोज पन्नास शब्द घोकायचे, असा अनेकांचा नेम आहे. नेमाबद्दल मला आदरच आहे. तक्रार आहे ती त्या उभ्या रेघेबद्दल.

रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या, असा भ्रम ती निर्माण करते. ‘नोटोरिअस’पुढे ‘प्रसिद्ध’ लिहिले, की एखाद्या थोर समाजसेवकाला आपण भर सभेत कुप्रसिद्ध ठरवून मोकळे! ‘डिसइंटरेस्टेड’ न्यायाधीश म्हणजे कंटाळलेला नव्हे, निःपक्षपाती. खटला आपला असेल तर हा फरक चांगलाच जाणवेल. ‘ऑफिशियस’ हाही कचेरीतला शब्द नव्हे. त्याला आपल्याकडे ‘लुडबुड्या’ असा झकास शब्द आहे.

मग शब्द लक्षात ठेवायचे कसे? कला शाखेच्या विद्यार्थ्याजवळ साधन आधीच आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास सांगितले. ‘इग्नाइट’मध्ये आपल्या अग्नीचा भाऊबंद आहे, ‘अनॉनिमस’मध्ये नामाचा. हक्सले यांनी १८६९ मध्ये घडवलेला ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ पाहा: आरंभीचा ‘अ’ नकाराचा आणि पुढे ‘ज्ञा’ धातूचा ग्रीक सोयरा. मराठीत ‘अज्ञेयवादी’ म्हणताना आपण तीच जोडणी करतो. एवढे एकदा उमगले की तो शब्द पुन्हा घोकावा लागत नाही. (सगळेच शब्द इतके सरळ नसतात. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी काडीचाही संबंध नाही, तो घाणेरड्या वासाचा शब्द आहे.)

परीक्षेतच सुटे शब्द येतात, मुले काय करणार, असे कोणी म्हणेल. आपल्याकडच्या अनेक परीक्षांत ते अजून येतात, हे खरे. पण ज्या अमेरिकन जीआरई परीक्षेपायी शब्दांच्या याद्या घरोघरी पोहोचल्या, तिनेच २०११ मध्ये सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. आता तेथे वाक्यातला अर्थ विचारतात.

म्हणून माझी सूचना एवढीच. पन्नासांऐवजी पाच शब्द घ्यावेत, शब्द जेथे भेटला ते वाक्य उतरवावे आणि खाली स्वतःचे एक लिहून सरांना दाखवावे. आणि वाचनालयातला मोठा शब्दकोश कपाटातून काढून टेबलावर ठेवावा. त्या कपाटाची किल्ली मागण्यातच पाच शब्दांचा वेळ जातो.