आमच्याकडं काही नाही

चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाला 'जंगल' म्हटलं की पहिला प्रश्न पडतो, रजा किती टाकायची? कारण जंगल म्हणजे लांब. ताडोबा, मेळघाट, नाहीतर गेला बाजार चांदोली. सोलापूरच्या आसपास कसलं आलंय जंगल? इथे ऊन, धूळ आणि बोराटीची झुडपं. निदान गेल्या थंडीपर्यंत माझं हेच मत होतं.

तर झालं असं की आम्ही चौघांनी चांदोलीला जायचं ठरवलं. एक मेन्टेनन्सवाला, एक क्वालिटीवाला, एक डिस्पॅचवाला आणि मी स्टोअर्सचा. चौघांच्या पाळ्या जुळवता जुळवता दोन महिने गेले. शेवटी एकदाचे मोहोळ, पंढरपूर, सांगोला, मिरज करत शिराळ्याच्या पुढे वारणेच्या खोऱ्यात पोचलो. बरोबर दोन तंबू, ब्लूटूथचा स्पीकर, शेंगाची चटणी आणि चाळीसेक कडक भाकऱ्या. (सोलापूरचा माणूस चंद्रावर गेला तरी हे दोन जिन्नस नेणार!)

आमची कल्पना अशी की अभयारण्यात आत जायचं, एखादी छान जागा बघायची, तंबू ठोकायचे, शेकोटी करायची. फाटकापाशी गेल्यावर कळलं की असं काही नसतं. राष्ट्रीय उद्यानात परवानगीने जायचं, ठरलेल्या वाटेने फिरायचं आणि वेळेत बाहेर यायचं. "एवढ्या लांबून आलोय बे," डिस्पॅचवाला कुरकुरला. पण नियम योग्यच आहे. रात्री तिथे आपलं काय काम? दिवसभर फिरलो. घनदाट झाडी, खाली वसंतसागरचं पाणी, आणि लांबवर एकदा गव्यांचा कळप. आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या लोकांना एवढं हिरवं बघूनच धाप लागते.

तंबू शेवटी बाहेर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात ठोकले. आम्ही स्पीकर लावला तसे मामा बॅटरी घेऊन आले. "गाणं नगा लावू. गवं येत्यात पाण्याला." स्पीकर बंद केला. मग तेही शेकोटीपाशी बसले. आमची भाकरी त्यांनी मोडून चटणीबरोबर खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. हसलेही.

बोलता बोलता निघालं की मामांचं मूळ गाव आता आत आहे. म्हणजे जिथे आम्हाला तंबू ठोकायचा होता, तिकडेच कुठेतरी. चांदोलीचं अभयारण्य झालं १९८५ साली, राष्ट्रीय उद्यान २००४ साली आणि २०१० पासून ते कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. हे आकडे मला पाठ होते, जाण्याआधी वाचून गेलो होतो. पण त्या तीनशे सतरा चौरस किलोमीटरमध्ये गावं होती, ती उठली, आणि ज्याला आपण 'निर्मनुष्य' म्हणून फोटो काढतो ती जागा निर्मनुष्य केलेली आहे, हे शेकोटीपाशी बसल्यावर कळलं. मामा रागाने बोलत नव्हते. "देवाच्या जत्रंला आत सोडत्यात," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं काय हाय?"

क्वालिटीवाला पटकन म्हणाला, "आमच्याकडं काही नाही मामा. नुसता माळ."

"माळ काय वाईट असतोय?" मामा म्हणाले आणि बॅटरी उचलून गेले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. थंडी होती हे खरं. पण 'काही नाही' हे दोन शब्द घशात अडकल्यासारखे झाले. कारण त्या 'काही नाही'त मी स्वतः गेल्या पावसाळ्यात पाचशे रोपं लावून आलो होतो.

ती गोष्ट अशी. आमच्या कंपनीचा दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम असतो. माणसं, टेम्पो, फावडी, बॅनर, वडापाव ही सगळी व्यवस्था माझ्याकडे. शहराबाहेरचा एक मोकळा माळ गाठायचा, खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, फोटो काढायचा. 'उजाड माळ हिरवा करू या' हे बॅनरवरचं वाक्य माझंच. त्यातली किती रोपं जगली हे कुणी विचारत नाही, मीही बघायला गेलो नव्हतो.

परत आल्यावर पहिल्या सुट्टीला मी नान्नजला गेलो. हसू नका, पण सोलापुरात जन्म काढून मी नान्नजचं माळढोक अभयारण्य पाहिलेलं नव्हतं. बार्शी रस्त्याने गेलं की तासाभराच्या आत पोचतो. रजा लागत नाही, तंबू लागत नाही. चौघांपैकी फक्त मेन्टेनन्सवाला बरोबर आला. तोही "काय बघायचंय बे तिथं?" असं विचारतच.

माळढोक दिसला नाही. दिसेल अशी आशाही नव्हती. एक मीटरभर उंच, नर चांगला बारा-पंधरा किलोचा, उडू शकणाऱ्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक असा हा पक्षी. साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. त्याला चारी बाजूंनी लांबवर दिसणारं गवत लागतं. समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आपटून मरतो. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता एखादा दिसला तर बातमी होते. आणि ह्याच पक्ष्यासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं होतं. डॉ. असद रहमानींसारख्या पक्षीतज्ज्ञांनी ऐंशीच्या दशकात इथल्या माळावर त्याचा अभ्यास केला होता.

पण गवत दिसलं. सकाळच्या उन्हात पवन्या आणि कुसळी पिवळी होऊन हलत होती. काळविटांचा कळप होता. आमची चाहूल लागताच एक मादी उडाली, मग दुसरी, तिसरी. चंडोल गात वर वर जात होता. मेन्टेनन्सवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपल्या प्लांटच्या मागं पण असंच होतं की. आमची म्हातारी तिथं मेंढरं चारायची."

हेच मला सांगायचंय. आपण झाडी नाही म्हणून माळाला 'उजाड' म्हणतो. सरकारी कागदावर तो 'पडीक' होतो. पण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसात, मुरमाच्या वितभर थरावर, तिथे उगवायला हवं ते गवतच. ते काळवीट, लांडगा, खोकड, तितर आणि धनगराची मेंढरं ह्या सगळ्यांना पोसतं. तिथे खड्डे घेऊन परक्या झाडांची रोपं लावणं म्हणजे माळ हिरवा करणं नव्हे, माळ मोडणं. झाडं वाढली की माळढोकाची नजर अडते, गवत सावलीत मरतं. कारखान्याने माळ गेला हे निदान दिसतं तरी. वृक्षारोपणाने गेला तर वर टाळ्या मिळतात.

ह्यावर तुम्ही म्हणाल, स्वतः एमआयडीसीचा पगार खाऊन माळाचा पुळका कशाला? प्रश्न बरोबर आहे. माझं घर, मुलीची फी, चांदोलीचं पेट्रोल, सगळं त्याच माळावर उभ्या शेडमधून आलं. चिंचोळी नसती तर आम्ही चौघंही पुण्याला गेलो असतो. आणि अभयारण्याच्या नावाने इथल्या लोकांनी कमी सोसलेलं नाही. सुरुवातीला ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, तालुकेच्या तालुके आत. जमिनीचं काहीही करायचं म्हटलं की माळढोक आडवा यायचा. लोक पक्ष्यालाच शिव्या द्यायला लागले. पुढे ते कमी करत बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं. म्हणजे कागदावर एवढं मोठं जंगल असूनही प्रत्यक्षात पक्षी जवळपास गेलाच. कागदाने माळ वाचत नाही. ज्याला तो 'काहीतरी' वाटतो असा माणूस शेजारी लागतो. चांदोलीत मी पाहुणा होतो, फोटो काढून परत आलो. नान्नजला, चिंचोळीला मी शेजारी आहे. शेजाऱ्याने 'तिथं काही नाही' म्हटलं की दुसऱ्या कुणाला काय पडलंय?

म्हणून ह्या वर्षीच्या वृक्षारोपणाच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. म्हटलं, माळावर नको. रोपं कंपाउंडच्या आत लावू, कामगारांच्या गाड्या उन्हात उभ्या असतात तिथे कडुनिंब लावू, रस्त्याच्या कडेला लावू. मोकळ्या माळावर फक्त प्लास्टिक गोळा करू आणि गवत पेटवू नका एवढं सांगू. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग साहेबांनी विचारलं, "अहो, पण मग फोटो कशाचा काढायचा?"

मला उत्तर सुचलं नाही. खरंच, गवत वाढताना फोटोत काय दिसणार? पार्किंगमधल्या कडुनिंबांना मंजुरी मिळाली. माळाचं 'बघू' वर ठेवलंय. बघू म्हणजे काय हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको.

गेल्या वर्षीच्या त्या माळावर मात्र मी जाऊन आलो. पाचशेपैकी बहुतेक रोपं वाळून गेली होती. खड्ड्यांच्या कडेने पुन्हा कुसळी उगवायला लागली होती. घरी येऊन बायकोने विचारलं, "काय होतं तिथं?" पँटला चिकटलेली कुसळं काढता काढता मी म्हटलं, "हे बघ, हे होतं."

पुढच्या थंडीत चांदोलीला पुन्हा जायचंय. मामांना नान्नजचे फोटो दाखवायचेत.