रक्त, कवटी आणि संस्कार

‘बुद्धी आमच्या रक्तातच आहे,’ हे वाक्य बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आजही अभिमानाने उच्चारले जाते. गेल्या शंभर वर्षांत मानवशास्त्राने या वाक्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्या इतिहासाशी आपल्या शहराचाही संबंध आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील प्राध्यापक फ्रान्झ बोआस यांनी नुकतीच हजारो स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मोजमापे घेऊन दाखविले होते, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांहून वेगळी होते. वंशाची म्हणून जी अचल खूण मानली जाई, तीच परिस्थितीने बदलत होती. बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी १९१६ साली जातिसंस्थेवर निबंध वाचला. वंशाने सारेच मिश्र आहेत, समाजाला एकजीव करते ती संस्कृती, आणि जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, असा त्याचा आशय होता.

पुढे इरावती कर्वे यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन केले. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा संबंध वंशाच्या श्रेष्ठत्वाशी असावा, हे गुरूंचे अनुमान. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निर्वाळा दिला.

मग मेंदूत उमटते ते काय? लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचावयास शिकविले, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या खोल भागांतील परस्परसंबंधही बदलले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. प्रयोग लहान होता. पण समाजाची रीत मेंदूपर्यंत पोहोचते, हे त्यातून कळते. १९०६ साली संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू करणाऱ्या महाराजांचे काम म्हणूनच केवळ दानधर्माचे नव्हते.

तरीही १९१७ साली परत आलेल्या त्याच विद्वानाला या शहरात राहावयास घर मिळाले नाही. शाळा दरबारने उघडल्या; घरांची दारे मात्र आपल्याच हाती होती.

आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती ती पुस्तके, वाचणारी माणसे आणि अभ्यासाला सवड. त्यालाच आपण रक्त म्हणत आलो. रक्त वाटून देता येत नाही. या गोष्टी देता येतात.