पाखरं बघायला सांगली ओलांडून

पक्षी सप्ताह आला की आमच्या कुरुंदवाडकरांना सागरेश्वर आठवतं. यंदाही पहाटे गाडी भरून मंडळी गेली, वाटाड्याच्या मागून फिरली, पोहे खाल्ले, फ्लेक्ससमोर फोटो काढून परतली. (त्यावरचा पोपट परदेशी होता, एवढंच नोंदवतो.) ५ नोव्हेंबर चितमपल्लींचा आणि १२ सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणून हा आठवडा, तेवढं मात्र सगळ्यांना सांगता येतं.

सागरेश्वरला जावंच. धों. म. मोहित्यांनी बोडक्या डोंगरावर झाडं जगवली, कुंपण झालं, हरणं आली आणि १९८५ साली १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य उभं राहिलं. उजाड डोंगराचं रान झालं, पाखरं मागोमाग आली.

आता आपल्या शिरोळ तालुक्याकडे बघा. उसाला पाणी पाजून पाजून आपण जमिनी क्षारपड केल्या. वर पांढरा थर फुटला, सखल जागी पाणकणीस माजलं. पीक गेलं तिथं शेकाटे, वंचक, पाणकोंबड्या आल्या, थंडीत धोबी. मग दत्त कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षार धुऊन काढायचं काम सुरू झालं, 'शिरोळ पॅटर्न' म्हणून गाजलं. जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं ऊस उभा राहिला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला विचाराल तर हे सोळा आणे सोनंच, आणि त्याच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. पण जमीन दोन्हीकडे दुरुस्तच झाली. तिकडे पाखरं आली, इकडची उठली. उसात शेकाटा उतरत नाही. आता तो दिसतो पाइपाचं खारं पाणी जिथं पडतं त्या नाल्यात, लांब गुलाबी पाय चिखलात रोवून. शेजारी वंचक, मातीच्या रंगाचा, उडाला की पांढराशुभ्र. हा हिशेब कुठल्याच फेरीत कुणी मांडत नाही. साखरेच्या राज्यात कोण मांडणार म्हणा!

संयोजकांनो, पुढची फेरी या नाल्यावर काढा. शेतमालकाला आधी विचारा, जमल्यास त्यालाच वाटाड्या करा, आणि काठचं पाणकणीस पेटवू नको एवढं त्याच्या कानावर घाला. पोहे घरून खाऊन या.