स्तन्यक्षय, शतावरी कल्प आणि रिकामा न होणारा स्तन

"बाळ पेटीत आहे, बाळंतिणीला दूध येत नाही, काहीतरी द्या" ही मागणी जिल्ह्यातील चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत आता नवी राहिलेली नाही. जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा अशा घाटाखालच्या तालुक्यांतून कमी दिवसांचे अथवा कमी वजनाचे अर्भक कधी राजूर घाट चढून बुलढाण्यास, तर कधी अकोल्यास नवजात शिशु कक्षात दाखल होते. सूतिका मात्र पुष्कळदा प्रसूतीच्या ठिकाणीच किंवा माहेरी राहते. मागणी घेऊन येतो तो पती, नाहीतर सासूबाई येतात. ज्या स्त्रीच्या स्तन्याचा प्रश्न आहे ती समोर नसते, आणि तरीही शतावरी कल्पाचा डबा फळीवरून उतरतो. दोन चमचे, दुधातून, दोन वेळा. पुढचा माणूस!

आमचे म्हणणे असे, की डबा उतरवण्यापूर्वी एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे : अंगावरचे दूध दिवसातून किती वेळा काढले जाते, आणि रात्री काढले जाते काय? उत्तर बहुधा "येतच नाही, तर काढायचे काय?" असे मिळते. सारी अडचण या उत्तरातच आहे.

बाळ ओढत असते तेव्हा स्तन आपोआप रिकामा होतो व मागणीनुसार भरतो. बाळ पेटीत असले की ही ओढ नाहीशी होते. साचलेले दूध स्वतःच पुढील निर्मितीला अटकाव करते, आणि स्तनाग्राच्या चेतनेने वाढणारे प्रोलॅक्टिन चेतनेअभावी उतरू लागते. अशा वेळी हाताने किंवा पंपाने दूध काढणे म्हणजे बाळाच्या ओढीची जागा भरून काढणे होय. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, जमल्यास पहिल्या तासातच, आणि पुढे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध काढावे लागते. त्यात मध्यरात्रीनंतरची एक वेळ चुकवू नये, कारण प्रोलॅक्टिनची पातळी रात्री अधिक असते. पहिल्या दिवशी काही थेंबच हाती येतात. ते थेंब पाहून घरातील मंडळी निराश होतात आणि "दूध नाही" असा निर्णय देऊन मोकळी होतात. वस्तुतः तो चीक आहे, आणि मुदतपूर्व अर्भकास त्याची गरज सर्वांत अधिक. नेटाने काढत राहिल्यास दोन आठवड्यांच्या सुमारास दिवसाला अर्धा लिटरपर्यंत पोहोचणे हे उद्दिष्ट ठेवता येते.

यावर आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतील, की हे सारे पाश्चात्त्य रुग्णालयांचे शास्त्र झाले, आयुर्वेदाचे काय? त्यांनी सुश्रुतसंहिता पुन्हा उघडावी, अशी आमची नम्र विनंती आहे. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तन्याच्या प्रवर्तनाची कारणे दिली आहेत. अपत्याचा स्पर्श, त्याचे दर्शन, त्याचे स्मरण आणि त्याला जवळ घेणे ही ती कारणे होत, आणि या सर्वांच्या मुळाशी अखंड स्नेह. ज्याला आपल्या आयाबाया पान्हा फुटणे म्हणतात आणि आधुनिक शास्त्र ऑक्सिटोसिनचे कार्य म्हणते, तेच हे. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात क्रोध, शोक व अवात्सल्य ही स्तन्यनाशाची कारणे सांगून चिकित्सेत प्रथम सौमनस्य उत्पन्न करावयास सांगितले आहे. यव, गोधूम, शालि, षष्टिक, लसूण, विदारीकंद, शतावरी यांची यादी त्यानंतर येते. हा क्रम आम्हास महत्त्वाचा वाटतो. मोताळ्यात बसलेल्या मातेला बुलढाण्यातील पेटीतले बाळ दिसत नसेल, तर आचार्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी केवळ स्मरण तिच्याजवळ उरते, आणि तेही चिंतेने ग्रासलेले. तिला बाळाजवळ नेण्याची खटपट करणे, बाळ स्थिर झाल्यावर डॉक्टरांच्या संमतीने त्याला उघड्या छातीशी धरू देणे, हा चिकित्सेचाच भाग आहे.

दूध काढण्याची क्रियाही आपल्या शास्त्राला परकी नाही. पाजण्यापूर्वी स्तनातून थोडे दूध काढून टाकावे, हे सुश्रुतांनी सांगितले आहे. चिकित्सास्थानात स्तनविद्रधीच्या प्रकरणी तर, व्रण आम असो वा पाकास गेलेला असो, स्तन सतत दुहून रिकामा करीत राहण्याचा आदेश आहे. आज गाठ झालेल्या बाळंतिणीला "दूध काढू नको, विश्रांती दे" असे सांगणारे चिकित्सक आढळतात, तेव्हा या वचनाची आठवण होते. त्याच शारीरस्थानात पहिल्या दिवसांसाठी मध व घृताचे विधान आहे, हेही आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु एक वर्षाखालील बालकास मधापासून बोट्युलिझमचा धोका संभवतो हे आज ज्ञात आहे, आणि चीक पाजण्यास तीन दिवस थांबण्याचे कारण उरलेले नाही. संहितेचा आदर राखूनच येथे आजचे ज्ञान प्रमाण मानावे.

प्रत्यक्ष कृती प्रत्येक औषधी दुकानदारास दोन मिनिटांत समजावता यावी इतकी सोपी आहे. हात साबणाने धुवावेत, उकळत्या पाण्याने धुतलेली स्टीलची वाटी घ्यावी, स्तनास कोमट शेक देऊन हलके चोळावे. अंगठा आणि बोटे काळ्या वर्तुळाच्या कडेशी समोरासमोर ठेवून प्रथम छातीकडे मागे दाबावे व मग एकमेकांकडे दाबावे. त्वचेवरून बोटे घासत पुढे आणू नयेत, आणि स्तनाग्र तर मुळीच पिळू नये. धार मंदावली की दुसरी बाजू घ्यावी, पुन्हा पहिलीकडे यावे. एकूण वीस ते तीस मिनिटे. पंप वापरणाऱ्या मातेनेही हाताची जोड सोडू नये. अमेरिकेत जेन मॉर्टन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्युत पंपासोबत हातानेही दूध काढणाऱ्या मुदतपूर्व अर्भकांच्या मातांचे दूध लक्षणीय वाढल्याचे दिसले. रबरी फुग्याचा काचेचा पंप मात्र दुकानातून हद्दपार व्हावा. तो नीट धुता येत नाही, ओढही धड देत नाही आणि स्तनाग्रास इजा करतो. चाळीस-पन्नास रुपयांच्या नफ्यासाठी ही वस्तू ठेवणे आपल्या व्यवसायास शोभत नाही.

आता औषधाविषयी. शतावरीवर आमची श्रद्धा आहे, परंतु श्रद्धा आणि पुरावा यांची गल्लत नको. इंडियन पीडियाट्रिक्स या नियतकालिकात १९९६ साली आलेल्या तुलनात्मक चाचणीत शतावरीयुक्त औषधाचा विशेष लाभ आढळला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या साठ मातांच्या चाचणीत मात्र प्रोलॅक्टिन वाढल्याचे नोंदले गेले. २०२० च्या कॉक्रेन समीक्षेने स्तन्यवर्धक द्रव्यांविषयीचा एकूण पुरावा कमी खात्रीचा ठरविला. याचा अर्थ शतावरी टाकून द्यावी असा नव्हे. चरकाचार्यांचा स्तन्यजनन गण, शतावरी, विदारी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सूतिकेच्या अग्नीचा विचार करून अवश्य द्यावे. मात्र रिकाम्या न होणाऱ्या स्तनावर यांपैकी कशाचाही उपयोग होईल, अशी आशा बाळगू नये व दाखवू नये. मेथीने रक्तातील साखर उतरू शकते, तेव्हा मधुमेहाचे औषध घेणाऱ्या मातेस ती जपून द्यावी. "दूध येण्याची गोळी" म्हणून डॉम्पेरिडोन चिठ्ठीवाचून देणे तर सर्वथा अयोग्य. हृदयाच्या गतीवरील परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वापराविरुद्ध २००४ सालीच इशारा दिला होता.

शतावरीच्या डब्याशेजारी पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली मांडलेली दिसते, त्याविषयी बोलणे काहींना रुचणार नाही. १९९२ च्या कायद्याने व २००३ च्या दुरुस्तीने शिशुदुग्धपर्याय आणि बाटल्यांच्या जाहिरातीस बंदी आहे. वैद्यकीय संघटनांच्या परिषदांना या उत्पादकांकडून पैसा देण्यासही बंदी आहे, हे परिषदांचे संयोजन करणाऱ्या आपल्या सभासदांनी ध्यानी घ्यावे. वैद्यकीय कारणाने डबा लागलाच तर तो डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने जावा, मातेच्या घाबरेपणाच्या जोरावर नव्हे. काढलेले दूध पाजण्यास बाटलीची गरजही नाही. वाटी-चमचा पुरतो, आणि आपल्याकडे तर बोंडले आहे. खामगावच्या चांदीची ख्याती मिरवणाऱ्या जिल्ह्यात चांदीचे बोंडले बारशाला भेट म्हणून येते आणि कपाटात जाते. ते उकळून वापरात आणावे. ज्या अर्भकास अजून गिळता येत नाही त्याला मात्र कक्षातील परिचारिकाच नळीने दूध देतील.

मातेचे दूध खरोखरच अपुरे पडले तरी पावडर हा एकच पर्याय उरत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली मानली जाते. केंद्र शासनाने २०१७ साली स्तनपान व्यवस्थापन केंद्रांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. दात्या मातांचे दूध तपासून व पाश्चरीकरण करूनच दिले जाते, हे अशा पेढीचे वैशिष्ट्य. शेजारणीचे दूध न तपासता पेटीतल्या बाळास देणे त्याच्या तोडीचे नव्हे.

राहता राहिला घाटाचा प्रश्न. काढलेले ताजे दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. घाटाखाली वैशाख-ज्येष्ठात पारा चाळिशीपार जातो, तेथे हा हिशेब लागू पडत नाही. घट्ट झाकणाचा, उकळून घेतलेला डबा बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवावा, डब्यावर मातेचे नाव, तारीख आणि दूध काढल्याची वेळ लिहावी, आणि निघण्यापूर्वी कक्षातील परिचारिकेस दूरध्वनी करून ते स्वीकारले जाईल काय हे विचारून घ्यावे. थर्मास नसेल तर तो दुकानदाराने दोन दिवसांसाठी उसना द्यावा.